सिंधू खोटं का बोलली? तेरमध्ये 'एकच प्याला' वाचताना उमगलेलं

शोकांतिका वाचायला बसलं की वाद हमखास एका प्रश्नावर पेटतो : हे माणूस असं का वागलं? तेरमध्ये आम्ही काही मंडळी संध्याकाळी एकत्र बसून नाटकं मोठ्याने वाचतो. त्यात शिक्षक आहेत, कॉलेजची मुलंमुली आहेत, शेती आणि दुकान सांभाळणारी माणसं आहेत, आणि कडेला बसून ऐकणाऱ्या, पण नेमका मुद्दा बोलणाऱ्या गल्लीतल्या मावश्याही आहेत. मी निवृत्त मराठी शिक्षक, म्हणून पुस्तक माझ्या हाती असतं. आम्ही पुन्हा पुन्हा उघडलेलं नाटक म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला'.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले. हे नाटक रंगभूमीवर आलेलं त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्यामागून त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते बडोद्यात केलं. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर. नाटकातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. कथा बहुतेकांना ठाऊक आहे. हुशार, स्वाभिमानी वकील सुधाकर दारूत बुडतो. त्याची बायको सिंधू भावाची मदत नाकारून दळण दळून घर चालवते. शेवटी सुधाकराच्या हातून पोटचं मूल मरतं, सिंधू मरते आणि तो स्वतः विष पितो.

या नाटकातल्या अवघड जागांनी आम्हाला जे शिकवलं ते इथे क्रमाने मांडतो. शोकांतिका वाचणाऱ्या आणि बसवणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल, असं मला मनापासून वाटतं.

१. वाक्याचा अर्थ लावण्याआधी ते कोण ऐकतंय ते पाहावं

सगळ्यात मोठा वाद सिंधूच्या शेवटच्या जबाबावर होतो. मारहाण नवऱ्याने केली, मूल त्याच्या हातून गेलं, आणि ही मरता मरता फौजदारासमोर त्याला वाचवणारा जबाब देते. मुलींना राग येतो. मुलगे म्हणतात, पतिव्रता दाखवायची होती म्हणून लेखकाने तसं लिहिलं. दोन्ही बाजू सिंधूबद्दल बोलतात, पण तिच्याभोवती कोण उभं आहे याकडे कुणाचं लक्ष नसतं.

त्या क्षणी तिथे फौजदार आहे, म्हणजे सरकार आहे. भाऊ पद्माकर आहे. त्याला बहिणीच्या हालांचा जाब विचारायचा आहे. आणि सुधाकर आहे. जबाब नोंदला जातो फौजदारापुढे, पण तो जाऊन लागतो सुधाकराला. आजवर तिने रडून, विनवून, घरात धान्याचा दाणा नसल्याचं दाखवून त्याला जे सांगितलं ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. हे मात्र पोचतं. कायद्याची शिक्षा तिने टाळली आणि त्याला त्याच्या स्वतःच्या न्यायासनापुढे उभं केलं. तो विष पितो ते यानंतर.

सिंधूच्या मनात हे सगळं ठरवून होतं, असं मी म्हणत नाही. पण ऐकणारे तीन वेगळे आहेत हे दिसलं की त्या एका जबाबाचे तीन अर्थ दिसू लागतात, आणि नट-नटीला नजर कुणाकडे ठेवायची ते कळतं.

२. शेजारी जी कथा आहे ती शेजारी ठेवून वाचावी

तेर हे संत गोरा कुंभारांचं गाव. तेरणेच्या काठी गोरोबाकाकांचं मंदिर आहे, चैत्र वद्यात यात्रा भरते, दिंड्या येतात. महिपतींनी १७६२ मध्ये लिहिलेल्या 'भक्तविजया'त गोरोबांची कथा आहे, पण इथल्या माणसाला ती पुस्तकातून कळत नाही, कीर्तनातून कळते. बायको संती पाणी आणायला गेली, मुलाकडे लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली. गोरोबा विठ्ठलाच्या नामात रंगून चिखल तुडवत राहिले आणि रांगत आलेलं मूल त्या चिखलात तुडवलं गेलं. परत आलेल्या आईने आकांत केला. भजनात भंग पाडला म्हणून गोरोबा तिच्यावर धावून गेले. तेव्हा तिने त्यांना विठोबाची शपथ घातली : मला हात लावाल तर.

म्हणजे भान हरपलेल्या बापाकडून मूल जाण्याची गोष्ट या गावाला नवी नाही. म्हणून 'एकच प्याला'चा शेवट आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा कुणी बराच वेळ बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "सर, हितं बी बापच हाय आन् तितं बी बापच हाय. पण बाईचं बगा." त्या 'बाईचं बगा'ने आमची सगळी चर्चा वळवली.

संतीने शपथ घालून नवऱ्याचा स्वतःवर येणारा हात थांबवला. सिंधूने जबाब देऊन नवऱ्यावर येणारा सरकारचा हात थांबवला. दोघींकडे शब्दाखेरीज दुसरं हत्यार नव्हतं. संतीच्या शब्दाने गोरोबा बांधले गेले, इतके की पुढे शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडले. सिंधूच्या शब्दाने सुधाकर मोकळा झाला आणि ते मोकळेपणच त्याला सोसवलं नाही.

आणि मोठा फरक असा की गोरोबांच्या कथेत पंढरपूरच्या कीर्तनात हात परत येतात, मूल परत येतं. भक्तिकथा कृपेने पुरी होते. गडकऱ्यांच्या नाटकात मूल परत येत नाही. तिथे देव प्रश्न सोडवत नाही, म्हणून 'का' हा प्रश्न प्रेक्षकाच्या पदरात पडतो. शोकांतिकेतल्या पात्रांचे हेतू आपण एवढे का चिवडत बसतो, याचं कारण मला तेरमध्ये असं सापडलं.

३. पात्र स्वतःबद्दल जे कारण सांगतं, ते तपासूनच घ्यावं

सुधाकर पहिला पेला का घेतो? तो सांगतो ते कारण अपमानाचं आहे. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळापुरती जाते, मान खाली जाते. कारण खरं आहे, पण अपुरं आहे. अपमान अनेकांचे होतात.

आम्ही मागे जाऊन पाहिलं. सुधाकर गरिबीतून, स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला आहे. कुणाचा मिंधा होणं त्याला सोसत नाही. जवळचा मित्र रामलाल विलायतेला निघालेला आहे. म्हणजे अपमान झाला तेव्हा ज्याच्यापुढे रडता आलं असतं असा माणूसच जवळ नाही. सिंधू आहे, पण तिच्यापुढे लहान होणं त्याच्या स्वभावात बसत नाही. त्या मोकळ्या जागेत त्याचा कारकून तळीराम पेला घेऊन येतो.

'नटसम्राट'चंही तसंच. वि. वा. शिरवाडकरांच्या १९७० च्या या नाटकात गणपतराव बेलवलकर सगळं मुलांना वाटून मोकळे होतात. ते स्वतः त्याला दातृत्व समजतात. पण आयुष्यभर प्रेक्षकांपुढे सर्वस्व उधळून टाळ्या घेतलेल्या नटाची ती सवयही आहे. घर हे त्यांना रंगमंचासारखं वाटतं, आणि तिथेच घात होतो. पात्र जे सांगतं ते त्याला वाटतं तसं असतं. आपण नाटक काय दाखवतंय तेही पाहायचं.

४. वाईट माणसाला मोठा हेतू शोधू नये, पण हेतूच नाही असंही म्हणू नये

तळीरामाला सुधाकराचा संसार बुडवून काय मिळालं? पैसा नाही, सूड नाही. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तल्या इयागोबद्दल हाच प्रश्न जगभर विचारला गेला. कोलरिज या इंग्रज कवीने तर त्याच्या दुष्टपणाला हेतूच नाही असं म्हटलं. मराठीत गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंझारराव' म्हणून ते नाटक आणलं, तेव्हापासून आपले नटही या प्रश्नाशी झगडले.

तळीराम इयागो नाही. तो स्वतः दारूत गेलेला माणूस आहे आणि दारूतच मरतो. आमच्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने त्याची भूमिका वाचली आणि वाचता वाचताच म्हणाला, "ह्याला एकट्यानं प्यायची लाज वाटती." मला ते उत्तर पटलं. आपण ज्या खड्ड्यात आहोत त्यात आपल्याहून मोठा माणूस आला की खड्डा खड्डा वाटत नाही. एवढा लहान हेतू एवढा मोठा नाश करू शकतो, हेच गडकऱ्यांना दिसलं होतं.

याची दुसरी बाजू रामलाल. चांगला, समजूतदार मित्र. सुधाकराची बालविधवा बहीण शरद हिच्याबद्दल त्याला पितृवत माया वाटते, आणि मग त्या मायेत वासना मिसळली आहे हे त्याला स्वतःलाच कळतं. अनेकजण हा भाग वगळून वाचतात. तो वगळू नये. सज्जनाच्या मनातही अंधार आहे आणि तो स्वतः तो पाहू शकतो, हे दाखवल्यावरच सुधाकराचं स्वतःला न पाहणं नीट समजतं.

५. पात्राला कोणते रस्ते मोकळे होते, ते मोजावं

"सोडून का गेली नाही?" हा प्रश्न आजच्या मुली विचारतात आणि त्यांनी तो विचारायलाच हवा. फक्त उत्तर त्या काळात जाऊन शोधावं लागतं. १९१९ साली हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा सर्वसाधारण हक्क नव्हता. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. घरातल्या हिंसेपासून संरक्षण देणारा कायदा २००५ चा. विधवा पुनर्विवाहाला १८५६ पासून कायद्याची मान्यता होती, पण समाजाची नव्हती. शरदचं दुःख त्यातलंच.

सिंधूपुढे एकच उघडा रस्ता होता, माहेरचा. पद्माकर तिला न्यायला तयार होता. तिने तो नाकारला आणि दळणाचं जातं धरलं. तिचा निर्णय इथे दिसतो. नवऱ्याच्या पायाशी राहणं हा त्या काळाने तिला दिलेला आदर्श होता. पण भावाच्या ताटातलं न खाता स्वतःच्या हातच्या दळणावर जगणं ही तिची स्वतःची निवड होती. सुधाकराला जो स्वाभिमान नशेकडे घेऊन गेला, तोच स्वाभिमान सिंधूमध्ये कष्टाकडे गेला. नवरा-बायकोचं हे साम्य मला फार मोलाचं वाटतं. ते दिसल्यावर सिंधू नुसती सोसणारी बाई राहत नाही.

गडकऱ्यांनी तिच्या त्यागाला जो गौरव दिला तो आज जसाच्या तसा स्वीकारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नाकारण्याआधी तिने काय निवडलं आणि काय तिच्यावर लादलं गेलं, हे वेगळं करून पाहावं.

६. विनोदी प्रवेश कापू नयेत

वेळ वाचवायला आर्यमदिरामंडळाचे प्रवेश गाळले जातात. दारुड्यांची ती सभा, त्यांचे ठराव, त्यांचे युक्तिवाद ऐकून आमचीही माणसं पोट धरून हसली आहेत. पण त्या हसण्यातच नाटकाचं मर्म आहे. दारू गमतीची, सोबतीची, हुशार बोलणाऱ्यांची वाटते तेव्हाच ती आत येते. प्रेक्षक तिथे मनापासून हसला तर पुढे घडणाऱ्या नाशात त्याचाही वाटा राहतो. ते प्रवेश कापले की सुधाकर एकटा दोषी उरतो आणि आपण सुटतो.

७. कागदावर न उलगडणारं वाक्य तोंडाने म्हणून पाहावं

गडकऱ्यांची भाषा अलंकारांनी भरलेली. यमकं, कोट्या, लांबलचक वाक्यं. आजच्या मुलांना ती कृत्रिम वाटते. मी त्यांना सांगतो, बसून वाचू नका, उभं राहून म्हणा. गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून कोण पक्कं, कोण कच्चं ते पाहिलं आणि नामदेव रुसले, ही आमच्या गावची कथा. वाक्यही तसंच सगळीकडून थापटून पाहावं लागतं. हळू म्हणा, रागाने म्हणा, न बघता म्हणा.

सुधाकराच्या लांब भाषणांत श्वास कुठे संपतो ते पाहिलं की कळतं, हा माणूस बोलण्यानेच स्वतःला सावरून धरतोय. वकील आहे, शब्द हे त्याचं बळ. नशा वाढते तशी ती भाषा त्याच्या हातातून निसटते. सिंधूची पदंही नुसती वाचली तर कथा थांबल्यासारखी वाटते. कुणी गाऊन दाखवलं की कळतं, जे ती नवऱ्याला सरळ सांगू शकत नाही ते ती गाण्यात ठेवते. बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षक रडत, ते त्यामुळेही असावं.

८. पात्र सुधारून पुन्हा का बिघडतं, हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे

सुधाकर एकदा दारू सोडतो. मनापासून सोडतो. प्रामाणिकपणे काम शोधायला निघतो. आणि ज्या प्रतिष्ठितांनी त्याला जवळ करायला हवं होतं तेच त्याला झिडकारतात. तो पुन्हा प्यायला लागतो. मुलं म्हणतात, एवढं सगळं कळल्यावरही? मग तो आधीपासून दुबळाच होता.

मला ते उत्तर चुकीचं वाटतं आणि त्याविरुद्ध मी नेहमी बोलतो. दारूची पकड पायरी पायरीने कशी घट्ट होते हे सुधाकर स्वतःच समजावून सांगतो. म्हणजे त्याला कळतं, आणि कळूनही सुटता येत नाही. आज आपण व्यसनाला आजार म्हणतो. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अशा केंद्रांमुळे दारू सोडलेल्या माणसाला पुढे सोबतीची आणि कामाची गरज असते, हे आपल्या समाजाला हळूहळू समजू लागलं. गडकऱ्यांनी ते फार आधी रंगमंचावर मांडलं होतं.

पहिल्या आणि दुसऱ्या घसरणीतला फरक आम्ही वाचताना आवाजातून काढायचा प्रयत्न करतो. पहिल्या वेळी सुधाकराला दारू काय करते ते ठाऊक नाही, म्हणून तिथे फसवणूक आहे. दुसऱ्या वेळी त्याला सगळं ठाऊक आहे, म्हणून तिथे हताशपणा आहे. दुसऱ्या वेळी दार बंद करणारे लोक रंगमंचावर थोडा वेळ येतात आणि जातात. पण शोकांतिकेचा मोठा वाटा त्यांचा आहे. आमच्यातल्या एका बाईंनी हा प्रवेश ऐकून शांतपणे सांगितलं की त्यांच्या भावाने सोडली होती आणि गावाने त्याला कामाला लावलं नाही. त्यानंतर सुधाकराला दुबळा म्हणणारं कुणी राहिलं नाही.

९. काही प्रश्न उघडे ठेवावे लागतात

सवाई माधवराव पेशवे २५ ऑक्टोबर १७९५ रोजी शनिवारवाड्यात वरून खाली पडले आणि दोन दिवसांनी वारले. ते पडले की त्यांनी उडी घेतली, यावर इतिहासात मतभेद आहेत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी त्यावर 'सवाई माधवराव यांचा मृत्यू' हे नाटक लिहिलं, त्यात 'हॅम्लेट'चा झपाटलेला राजपुत्र आणि 'ऑथेल्लो'चा कारस्थानी माणूस दोघांचीही सावली आहे. इतिहासाने मोकळं ठेवलेलं कारण नाटककाराला भरावं लागतं, कारण नटाला कारणाशिवाय पाऊल टाकता येत नाही.

वाचकाची गोष्ट वेगळी. सिंधूच्या जबाबात किती प्रेम होतं, किती संस्कार होता, किती थकवा होता, हे वाटून देता येत नाही. प्रत्येक वेळी वाचताना प्रमाण बदलतं. तिथे एकच उत्तर ठोकून बसवणं हा पात्रावर अन्याय आहे. मात्र उत्तर कोणतंही द्या, ते नाटकातल्या प्रवेशावर बोट ठेवून द्या. नाटकाबाहेरून आणलेलं उत्तर कितीही सुंदर असलं तरी ते आपलं असतं, सिंधूचं नसतं.

एवढं सगळं वाचून झाल्यावरही सुधाकर अपराधीच राहतो. त्याच्या हातून एक मूल आणि एक बाई गेली, हे कुठल्याही हेतूने पुसलं जात नाही. पण तो का घसरला हे नीट कळलेला माणूस आपल्या गल्लीतल्या सुधाकराला पहिल्या पेल्यापूर्वी ओळखू शकतो, आणि दारू सोडून कामासाठी दारात आलेल्याला परत पाठवत नाही. शोकांतिका वाचण्याचं याहून मोठं फळ मला ठाऊक नाही. म्हणून विनंती एवढीच की आपल्या गावात चार माणसं जमवा, 'एकच प्याला' घ्या, भूमिका वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा. अडलेल्या वाक्याला थांबा, आणि ऐकणाऱ्यांत बायका असतील याची आवर्जून काळजी घ्या.